दिवाणखान्यांतील न्यायमंदिरें

गेल्या दसऱ्याच्या आधीं आमच्या घराला रंग दिला. रंगाऱ्याच्या सोयीसाठीं भिंतींवरच्या सगळ्या तसबिरी उतरवून ठेवल्या होत्या. त्या पुन्हा टांगण्याची वेळ आली, तेव्हां दिवाणखान्याची लांब भिंत इतकी स्वच्छ व मोकळी दिसूं लागली कीं, पूर्वींचा पसारा तिच्यावर पुन्हा मांडावयास कोणाचेंच मन होईना. घर एकत्र कुटुंबाचें. लहानमोठीं मिळून अकरा माणसें, तेव्हां मतेंहि अकरा. कोणी म्हणे निसर्गदृश्य लावा, कोणी म्हणे वडील मंडळींचीं छायाचित्रेंच लावा. आणि सर्वांत धाकटें मत असें पडलें कीं, भिंत आहे तशीच राहूं द्यावी, म्हणजे तिच्यावर चेंडू मारतां येईल.

याच सुमारास माळ्यावरची आजोबांची ट्रंक खालीं आली. आजोबा तालुक्याच्या गांवीं वकिली करीत. त्यांच्या काळ्या डगल्याला कसर लागली होती, कायद्याच्या पुस्तकांचीं पानें हात लावतांच तुटत होतीं. पण तळाशीं, जुन्या धोतरांत गुंडाळलेलें एक चित्र मात्र जसेंच्या तसें सांपडलें. तें होतें मुंबईच्या हायकोर्टाचें. कोण्या इंग्रजी सचित्र साप्ताहिकांतून कापून घेतलेलें पान. कागद चहाच्या रंगावर गेलेला, चारी कोपऱ्यांना टांचणीचीं बारीक छिद्रें, चित्र सुमारें हातभर रुंद. आजोबांच्या खोलींत आम्हीं हें चित्र कधीं पाहिल्याचें स्मरत नाहीं. मग हीं छिद्रें कसलीं, हा प्रश्न त्या दिवशीं आमच्या मनांत आला नाहीं. आम्हांस दिसली ती मोकळी भिंत आणि तिला शोभेल असें चित्र.

अशा चित्रांची एक गंमत आहे, ती सांगितल्यावांचून राहवत नाहीं. छायाचित्र जसेंच्या तसें छापण्याची युक्ति प्रचारांत आली ती १८८० नंतरच्या वर्षांत. त्यापूर्वीं साप्ताहिकांतील चित्र म्हणजे बहुधा लांकडावरचें कोरीव काम असे. त्यासाठीं वापरीत तें बॉक्सवुड नांवाच्या झाडाचें लांकूड अतिशय कठीण; पण झाडाचा बुंधा बारीक, म्हणून त्याचे ठोकळेहि लहान. मोठें चित्र काढावयाचें तर असे अनेक ठोकळे बोल्टांनीं एकत्र आवळीत, आणि घाई असली म्हणजे ते सुटे करून एकेक ठोकळा एकेका कारागिराकडे कोरावयास देत. पुन्हा जोडतांना सांधा कितीहि जपून बसविला, तरी छापलेल्या चित्रांत कोठें ना कोठें केसाएवढी पांढरी रेघ राहून जाई. आमच्या चित्रांतहि ती आहे. मधल्या मनोऱ्याच्या उजव्या अंगानें ती वरपासून खालपर्यंत सरळ उतरते. भिंगाखालीं ती पाहून आम्हांस मोठा आनंद झाला. कारण ती खरेपणाची खूण.

इमारत तर महाराष्ट्राच्या ओळखीचीच आहे. मुंबईच्या हायकोर्टाचा आरंभ १८६२ सालीं झाला. पण त्याला हें स्वतःचें घर मिळावयास आणखी सोळा वर्षें लागलीं. कर्नल जेम्स फुलर या इंजिनियराच्या आराखड्याप्रमाणें १८७१ च्या एप्रिलांत काम सुरू झालें आणि १८७८ च्या नोव्हेंबरांत तें संपलें. लांबी ५६२ फूट, रुंदी १८७ फूट. टोंकदार कमानी, उतरतीं छपरें, पश्चिमेच्या अंगास दोन अष्टकोनी मनोरे, आणि माथ्यावर न्याय व दया यांचे पुतळे. कोरणाऱ्या कारागिरांनीं आंत थोडी थट्टाहि करून ठेवली आहे: एका डोळ्यावर पट्टी बांधलेलें एक माकड हातीं तराजू धरून तेथें न्याय करीत बसलें आहे. युनेस्कोनें २०१८ सालीं मुंबईच्या ज्या इमारतींच्या समूहास जागतिक वारशाचा मान दिला, त्यांत या इमारतीचीहि गणना आहे. असें चित्र दिवाणखान्यांत असणें हें वकिलाच्या नातवास भूषणच, असें आम्हांस वाटलें तर नवल नाहीं.

एकटें चित्र लांब भिंतीवर पोरकें दिसेल म्हणून आम्ही त्याला सोबत शोधूं लागलों. जुन्या न्यायमंदिरांच्या चित्रांचा नाद एकदां लागला म्हणजे तो लवकर सुटत नाहीं. थॉमस डॅनिएल व त्याचा पुतण्या विल्यम यांनीं १७८६ ते १७८८ या काळांत कलकत्त्याचीं बारा दृश्यें तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापलीं. त्यांत तेथील जुनें कोर्ट-हाऊस आहे. लंडनच्या ॲकरमन या प्रकाशकानें १८०८ ते १८१० या तीन वर्षांत लंडन शहराचीं १०४ रंगीत चित्रें प्रसिद्ध केलीं. त्यांतील इमारती पुजिन यानें काढल्या आणि माणसें रोलंडसन यानें. एकानें कमानी व खांब मोजून रेखावे, आणि दुसऱ्यानें त्यांत लठ्ठ वकील, पेंगणारे कारकून व गोंधळलेले पक्षकार आणून बसवावे, अशी ही जोडी. त्या संग्रहांतील लिंकन्स इन या वकिलांच्या संस्थेच्या दिवाणखान्याचें चित्र आम्हांस फार आवडलें. चॅन्सरी नांवाचें कोर्ट तेथें बसत असे. वारसा, मृत्युपत्रें व विश्वस्तनिधी यांचे तंटे त्याच्यापुढें येत, आणि वर्षानुवर्षें तेथेंच मुरत. डिकन्सनें आपली ‘ब्लीक हाऊस’ ही कादंबरी याच दिवाणखान्यापासून सुरू केली आहे. तींतील वारशाचा दावा अखेर संपतो तो निकाल लागून नव्हे, तर सगळी इस्टेट खर्चांत गेल्यामुळें. याच लिंकन्स इनमधून, नाशिकास जन्मलेल्या व पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजी या १९२३ सालीं बॅरिस्टर झाल्या. तेव्हां हें चित्र आमच्या भिंतीला अगदींच परकें नव्हतें.

या खरेदींत आम्हीं एकदां ठकलोंहि. जुन्या बाजारांतील एका विक्रेत्यानें १८०८ सालचें अस्सल म्हणून एक चित्र आमच्या गळ्यांत मारलें. घरीं आणून भिंगाखालीं धरलें, तों काय! साऱ्या चित्रभर मुंग्यांच्या रांगांसारखे सारख्या अंतरावर ठिपके. ठिपक्यांच्या या जाळीचा जन्म १८०८ नंतर पाऊणशें वर्षांनीं झाला! तांब्याच्या पत्र्यावरून छापलेल्या चित्राभोंवतीं पत्र्याच्या कडेचा दाब उमटतो, तो बोटाला लागतो. या कागदाला तसला दाबहि नव्हता. पैसे गेले, पण भिंगाची संवय लागली. पुढें आम्हांस कळलें कीं, अशा चित्रांच्या उत्तम प्रती मोठ्या ग्रंथालयांनीं व संग्रहालयांनीं आतां डिजिटल रूपांत सर्वांस खुल्या केल्या आहेत. त्यांवरून चांगल्या जाड कागदावर आम्हीं कलकत्त्याचें व लंडनचें अशीं दोन चित्रें छापून घेतलीं. नक्कल ही नक्कल म्हणून लावली तर तींत लाज नाहीं. लाज आहे ती तिला अस्सल म्हणून मिरविण्यांत.

चौकटींच्या बाबतींत सौभाग्यवतींचा शब्द अखेरचा ठरला, आणि तो योग्यच होता. नक्षीदार सोनेरी चौकटी त्यांनीं साफ नाकारल्या. या इमारतींनाच इतकी नक्षी आहे कीं, चौकट साधीच हवी. म्हणून अरुंद सागवानी चौकट, आंत साईच्या रंगाचा रुंद पुठ्ठा, आणि तोहि आम्लरहित. नाहीं तर दहा वर्षांत पुठ्ठ्याची पिवळी कड चित्रावर उतरते. कांच चित्राला टेंकूं द्यावयाची नाहीं; पावसाळ्यांत ओल धरून कागद कांचेला चिकटतो. डिंकानें फळीवर चिकटवणें म्हणजे तर चित्राचा खून. वरच्या कडेला गव्हाच्या खळीनें पातळ कागदाचे दोन बिजागरीसारखे पट्टे लावले कीं पुरे. चौकटीच्या मागें खालच्या कोपऱ्यांना बुचाचे दोन तुकडे लावले, म्हणजे भिंत व चित्र यांमध्यें वारा खेळतो. उन्हाची भिंत आणि न्हाणीघराला लागून असलेली भिंत, दोन्ही वर्ज्य. उंचीविषयीं मात्र थोडा वाद झाला. खुर्चीवर बसणाऱ्यांच्या घरांत चित्राचा मध्य जमिनीपासून पांच फुटांवर शोभतो. आमच्याकडे बैठक आहे, लोड-तक्के आहेत, म्हणून तो अर्धा फूट खालीं घेतला.

दसऱ्याला तिन्ही चित्रें भिंतीवर चढलीं. मध्यें मुंबई, डावीकडे कलकत्ता, उजवीकडे लंडन. सोनें वांटावयास आलेल्या मंडळींनीं तीं नांवाजलीं, आणि आम्ही प्रत्येकासमोर एक लहानसें व्याख्यान देऊं लागलों. १९०८ च्या जुलैमध्यें याच इमारतींत टिळकांना सहा वर्षांच्या काळ्या पाण्याची शिक्षा झाली. याच इमारतींत १८८७ सालीं रखमाबाईंना असा हुकूम झाला कीं, नवऱ्याच्या घरीं नांदावयास जा, नाहीं तर सहा महिन्यांची कैद भोगा; आणि बालपणीं झालेलें तें लग्न न मानणाऱ्या त्या बाईनें कैद पत्करीन म्हणून सांगितलें. पुढें १८८८ सालीं तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेस जाऊन डॉक्टर होऊन आल्या. हें सारें आम्ही मोठ्या रंगांत येऊन सांगत असूं. आमच्या थोरल्या काकू कोपऱ्यांतल्या आपल्या खुर्चीवर वाती वळीत ऐकत. बोलत मात्र कांहींच नसत.

आठव्या दिवशीं सकाळीं पाहतों तों मधलें चित्र जागेवर नाहीं. त्याच्या खिळ्यावर वाण्याच्या दुकानांतून आलेली दिनदर्शिका लटकत होती, आणि मुंबईचें हायकोर्ट पलंगामागें भिंतीकडे तोंड करून उभें होतें. घरांत कोणी कांहीं बोललें नाहीं; पण सगळ्यांचे डोळे काकूंच्या खुर्चीकडे गेले.

काकूंचें वय चौऱ्याऐंशी. त्यांच्याशीं वाद घालण्याची आमच्या घरांत रीत नाहीं. तरी आम्ही त्यांच्याजवळ जाऊन बसलों व हलकेच विचारलें, “काकू, चित्र आवडलं नाहीं का?”

“चित्र चांगलं आहे रे,” त्या म्हणाल्या. “पण त्यांत माणसं कुठं आहेत? एवढी मोठी इमारत, आणि पायरीवर एक माणूस बसलेला नाहीं. पायरी रिकामी असलेलं कोर्ट मीं तरी कधीं ऐकलं नाहीं.”

आम्ही चित्र पलंगामागून काढून उजेडांत धरलें. खरेंच, कोरणाऱ्यानें एकेक कमान कोरली होती, पुतळ्यांच्या वस्त्रांच्या चुण्यासुद्धां कोरल्या होत्या. पण माणसें म्हणून दूर मैदानांत छत्री घेतलेल्या दोन आकृति, बस्स.

मग काकूंनीं जें सांगितलें, तें आम्हांस तुकड्यातुकड्यांनीं ठाऊक होतें. सलग असें त्या दिवशींच कळलें. आजोबा व त्यांचे धाकटे बंधु यांच्यांत वाड्याच्या वांटणीचा दावा १९५९ सालीं उभा राहिला, आणि तो सतरा वर्षें चालला. काकू सून म्हणून आल्या त्या १९६० सालीं. दुसऱ्या वर्षीं दोघां भावांनीं, निकाल लागेपर्यंतची सोय म्हणून, माजघराच्या मधोमध भिंत घातली. विहीर पलीकडे गेली आणि देवघर अलीकडे राहिलें.

“म्हणजे बघ,” काकू म्हणाल्या, “त्यांच्याकडं पाणी, पण देव नाहींत, आमच्याकडं देव, पण पूजेला पाणी नाहीं. मी कळशी घेऊन बोळांतून फिरून सार्वजनिक आडावर जायची. पलीकडच्या जाऊबाई माझ्याच वयाच्या. तारखेच्या दिवशीं पुरुष मंडळी सकाळच्या एस. टी. नं जिल्ह्याला गेलीं, कीं त्या मागच्या खिडकींतून मला पाणी द्यायच्या, आणि मी त्यांना देवाचा प्रसाद द्यायची. तारखेचा दिवस तो आमचा सणाचा दिवस. दोघींना वाटायचं, तारीख पडावी, आणि पुढची पण पडावी.”

“आणि निकाल?”

“निकाल आपल्या बाजूनं लागला कीं. जज्जसाहेब भले होते. दोनदां म्हणाले होते, घरांत बसून मिटवा. कोर्टाला कशाला बोल लावायचा? मिटवायचं नव्हतं तें आपल्यालाच. निकालाच्या पुढच्या वर्षीं दोन्ही अर्धे वाडे विकले, कर्ज फेडायला. घेणारानं पहिलं काम केलं तें मधली भिंत पाडायचं.” वाती वळणारे त्यांचे हात क्षणभर थांबले. “हें चित्र मामंजींच्या कचेरींत टांचण्यांनीं लावलेलं होतं. त्यांना फार आवडायचं. ज्या दिवशीं दावा जिंकला, त्या दिवशीं घरीं आले, पाय धुतले आणि चित्र उतरवलं. कां उतरवलं, तें आम्हीं विचारलं नाहीं.”

कोपऱ्यांच्या छिद्रांचा उलगडा असा झाला. शहाण्यानें कोर्टाची पायरी चढूं नये, ही म्हण आम्हीं लहानपणापासून ऐकली होती, आणि वकिलाच्या घरांत ती थट्टेनेंच उच्चारली जाई. परंतु त्या म्हणींत शहाण्या पुरुषाची गोष्ट आहे. पायरी चढणाऱ्याच्या घरीं मागें कोण राहतें, आणि तिला पाणी कोण देतें, हें ती म्हण सांगत नाहीं.

थोड्या वेळानें काकूंनीं उजवीकडचें, लंडनचें चित्र मागून घेतलें. डोळ्यांशीं धरून त्या तें बराच वेळ न्याहाळीत राहिल्या. चॅन्सरी कोर्टांतील ती गर्दी त्यांना पसंत पडली. “हें खरं कोर्ट,” त्या म्हणाल्या. “ह्या एवढ्या माणसांचे डबे कोणी भरून दिले असतील, कोण जाणे.” आणि मग अगदीं सहज त्यांनीं विचारलें, “त्या तुझ्या रखमाबाईंचं शेवटीं तडजोडीनंच मिटलं ना?”

आम्ही हो म्हटलें.

“मग तो कपाटांतला कागद अजून कशाला ठेवलास?”

येथें आम्हांस एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कोंकणांत आमची चाळीस हापुस कलमांची बाग आहे. ती तिघां भावांच्या सामाईकींतली. धाकटे बंधु नोकरीनिमित्त बंगळुरास असतात, आणि बागेचा व्यवहार तेच पाहतात. मागील दोन हंगामांचा हिशेब त्यांच्याकडून आला नाहीं. पत्रें झालीं, फोन झाले, आवाज चढले. श्रावणांत आम्हीं एका वकिलाकडून नोटिसेचा मसुदा करून आणला होता, आणि तो आमच्या लोखंडी कपाटांत, वरच्या खणांत, सहीवांचून पडून होता. घरांत कोणास ठाऊक नाहीं, असें आम्ही समजत होतों. एकत्र कुटुंबांत असें समजणें किती भोळेपणाचें, हें वाचकांस सांगावयास नको.

तात्पर्य, ज्या दिवाणखान्यांत आम्ही न्यायमंदिरांवर व्याख्यानें देत होतों, त्याच्या पलीकडच्या खोलींत आमच्याहि माजघरांतल्या भिंतीची पहिली वीट तयार होती. इमारतीचें सौंदर्य खोटें नव्हे, आणि न्यायालय ही अनावश्यक वस्तुहि नव्हे. टिळकांना किंवा रखमाबाईंना जावें लागलें तें घरचा हिशेब मागावयास नव्हे. परंतु भावाला एक शब्द नीट विचारण्याचें टाळण्यासाठीं माणूस जेव्हां पायरी चढतो, तेव्हां त्या कमानी व ते मनोरे त्याच्या हट्टाला मोठेपणा देतात. आजोबांना त्या दिवशीं हेंच दिसलें असेल, असें आतां वाटतें.

आम्हीं काकूंसच विचारलें कीं, मग हें चित्र पुन्हा ट्रंकेंत ठेवावें का? त्यावर त्या म्हणाल्या, “ट्रंकेंत कशाला? त्या कपाटावर लाव. कागद काढायला जाशील, तेव्हां आधीं हें दिसूं दे.”

त्याप्रमाणें मुंबईचें हायकोर्ट आतां दिवाणखान्यांत नाहीं. आंतल्या खोलींत लोखंडी कपाटाच्या वर तें टांगलें आहे. सजावटीच्या दृष्टीनें ती जागा चुकीची आहे; उजेड कमी, आणि उंचीहि नियमापेक्षां फार. तरी आम्ही रोज त्याच्याखालीं उभे राहतों, आणि दर खेपेस आमची दृष्टि मनोऱ्याजवळच्या त्या पांढऱ्या रेघेवर जाते. खरेपणाची खूण म्हणून जिचा आम्हांस आनंद झाला होता, ती आतां आम्हांस माजघराच्या मधोमध दिसते. दिवाणखान्यांत मधल्या जागीं लंडनची गर्दी आली आहे, आणि काकूंची दिनदर्शिका तिच्या शेजारीं मानानें लटकते आहे. कलेच्या जाणकारांस हा शेजार रुचणार नाहीं. पण जिनें तो जमविला, तिचा या भिंतीवर आमच्याहून अधिक हक्क आहे.

राहतां राहिला तो कागद. तो आम्हीं अद्याप फाडलेला नाहीं, हें प्रामाणिकपणें सांगितलें पाहिजे; पण धाडलेलाहि नाहीं. मध्यंतरीं एका रविवारीं आम्हीं धाकट्या बंधूंना फोन केला. प्रथम दोघांचेहि आवाज जरा कोरडे होते. मग काकूंनीं फोन आपल्याकडे घेतला. हिशेबाची गोष्ट त्यांनीं काढलीच नाहीं; वैशाखांत आंबा उतरला म्हणजे मुलाबाळांसह ये, येतांना बागेची वही आण, आणि आढी घालायला पेंढा मात्र तिकडचाच आण, इकडचा चांगला मिळत नाहीं, एवढेंच सांगितलें. पलीकडून जरा वेळ आवाज आला नाहीं. मग बंधूंनीं विचारलें, “किती आणूं, काकू?”